नवा मुलूख आणि दोन कुलपं

आमच्या गॅलरीत रोज वाळू साचते. सकाळी आई झाडते, संध्याकाळी पुन्हा तेवढीच. किस्स्यांचंही तसंच आहे. एक सांगून संपतो न संपतो तोच खिडकीच्या फटीतून दुसरा आत आलेला असतो. फरक इतकाच, की वाळू आई टाकून देते आणि किस्से मी वहीत ठेवते. मी फारशी बोलत नाही. त्यामुळे मोठी माणसं माझ्यासमोर बिनधास्त बोलतात. गॅलरीत उभी असलेली गप्प मुलगी कुणाच्या लक्षातच राहत नाही. किस्से जमवायला याहून चांगली पोझिशन नाही!

आम्ही शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात राहतो. बाबांची कंपनी एसीचे डक्ट बनवते. खाली वर्कशॉप, त्यावर ऑफिस आणि सगळ्यात वर स्टाफची तीन घरं. एक आमचं. एक पेंडसेकाकांचं. ते ॲडमिन मॅनेजर. इथे येण्यापूर्वी ते सरकारी ट्रेझरीत होते, आणि त्यांच्या मते अजूनही आहेत. तिसरं घर सुभेदारकाकांचं, म्हणजे जाधवकाकांचं. साताऱ्याकडचे, लष्करातून रिटायर होऊन आलेले, कंपनीचे सिक्युरिटी इनचार्ज. त्यांच्या हाताखाली वॉचमन दोनच आहेत, पण ते हाक मारतात तेव्हा अख्खी पलटण उभी असल्यासारखं वाटतं.

मी आठवीत असताना आमच्या अरबाबने, म्हणजे कंपनीच्या मालकाने, शेजारचा प्लॉट घेतला. तिथे फर्निचरचा एक बंद पडलेला कारखाना होता. एक मोठी शेड, आठ खोल्यांची रांग आणि बाकी वाळू. अरबाबने दोघा काकांना एकदमच बोलावलं. पेंडसेकाकांना म्हणाला, "तुम देखो." मग सुभेदारकाकांकडे वळून म्हणाला, "तुम भी देखो. खलास!" आणि गाडीत बसून निघून गेला.

बाबा घरी येऊन आईला म्हणाले, "नवा मुलूख मिळालाय आपल्याला. कलेक्टरही नेमलाय आणि सेनापतीही. वरचा कोण, ते मात्र सांगितलेलं नाही!"

*

ताबा घ्यायला शुक्रवारची सकाळ ठरली. पेंडसेकाका बगलेत तीन फायली घेऊन आले. सुभेदारकाका इस्त्रीच्या शर्टात, बूट चमकवून आले.

"आधी यादी," पेंडसेकाका म्हणाले. "एकेक वस्तू मोजायची, मग ताबा."

"आधी राउंड," सुभेदारकाका म्हणाले. "चारी बाजूंनी भिंत बघायची, मग ताबा."

प्लॉटला माणसांसाठी एक लहान दार होतं. दोघेही एकाच वेळी दारापाशी पोचले. पहिलं पाऊल कुणाचं? कुणीच थांबेना. शेवटी दोघेही तिरके होऊन एकदमच आत शिरले आणि मध्येच अडकले. फायली छातीशी, बूट चौकटीत!

आतून एक सडपातळ म्हातारासा माणूस धावत आला. हातात पक्कड, कानाला पेन्सिल. तो काकुळतीने म्हणाला, "दोघव येवा, चाय ठेवलंय. पण दाराक धक्को मारू नकात, माझ्या हातचा आसा ता."

हे भिकूमामा. मालवणकडचे सुतार. कारखाना बंद पडला, बाकीचे सगळे गावी गेले. हे एकटे मशिनं पुसत राहिले होते. त्यांचा व्हिसा जुन्या कंपनीचा, आणि ती कंपनी तर संपलेली. आमच्या कंपनीने घेतलं तर राहायचं, नाहीतर कॅन्सल होऊन घरी. त्यांची मुलगी नर्सिंगला होती, दोन वर्षं बाकी होती. "दोनच वर्सां," ते बोटं दाखवून म्हणायचे. इतकंच त्यांचं मागणं होतं. पण ते मागायचं कुणाकडे, हा प्रश्न होता.

*

पेंडसेकाकांनी यादी केली ती अशी. एक्केचाळीस, रंधा मारायचं मशिन, एक. बेचाळीस, करवतीचं मशिन, एक. त्रेचाळीस, सुतार, एक.

"माणूस यादीत कसा लिहिता, साहेब?" सुभेदारकाका म्हणाले. "माणसं सिक्युरिटीकडं असतात. त्यांना पास लागतो."

"राहणारी माणसं ॲडमिनकडे असतात," पेंडसेकाका म्हणाले. "त्यांना रूम अलॉटमेंट लागते."

"मग द्या की अलॉटमेंट."

"पास नंबर दाखवा, लगेच देतो."

"पासवर रूम नंबर लिवावा लागतो. तो द्या, लगेच पास देतो."

झालं! रूम नंबरशिवाय पास नाही आणि पासशिवाय रूम नंबर नाही. भिकूमामा आतच होते म्हणून आत यायचा प्रश्न नव्हता, पण पास नसल्यामुळे त्यांना बाहेर पडता येईना. चार दिवस ते आपल्याच दाराआड अडकले. भिंतीपलीकडून त्यांनी आईला विचारलं, "वैनीनू, माका भायर जाऊक पास नाय, मगे मी भाजी खयसून आणू?"

आईने भिंतीवरून डबे द्यायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी तिचा संयम संपला. "फ्लॉवर सात दिरहम झालाय, म्हणजे ऐंशी रुपये! आणि तो या दोघांच्या भांडणासाठी मी भिंतीवरून वाटतेय!"

पाचव्या दिवशी बाबांनी तोडगा काढला. एकाच कागदावर वर पास आणि खाली अलॉटमेंट टाइप करून आणली, कागद भिंतीवर धरला आणि दोघांच्या हातात एकेक पेन दिलं. "मी तीन म्हणतो," बाबा म्हणाले. "एक, दोन, तीन!"

दोघांनी एकाच क्षणी सही केली. कागद मात्र मधोमध फाटला. दोन्ही तुकडे खिशात घालून भिकूमामा भाजीला गेले.

*

मग नियम लागू झाले. पेंडसेकाकांना नोटीसबोर्ड हवा होता. सुभेदारकाका म्हणाले, सिव्हिलच्या बोर्डावर सिक्युरिटीची नोटीस लागणार नाही. म्हणून दोन बोर्ड झाले. एकावर लिहिलं होतं, "थुंकू नये. आदेशावरून, ॲडमिन." दुसऱ्यावर, "थुंकना मना है. हुकुमसे, सिक्युरिटी." एकावर पाण्याची वेळ सहा ते आठ, दुसऱ्यावर पाच ते सात. भिकूमामा सहा ते सात पाणी भरायचे, दोघांचाही मान राहायचा.

ते रोज सकाळी चष्मा लावून दोन्ही बोर्ड वाचत. मला वाटायचं, रोज काय नवीन असतं? एकदा धीर करून विचारलं. ते म्हणाले, "अक्षरां नाय गो वाचूक, चेडवा. लाकूड वाकलाहा काय ता बघतंय."

अख्ख्या मुलखात राहणारा माणूस एक. त्याच्यासाठी नोटीसबोर्ड दोन. आणि दोन्ही त्याच माणसाने बनवलेले!

*

रमजानमध्ये एका संध्याकाळी मागच्या गल्लीतल्या एका अरबी घरातून मोठं झाकलेलं पातेलं आलं. नव्या शेजाऱ्यांना इफ्तारची भेट. घेऊन आलेला ड्रायव्हर दारात उभा राहून विचारू लागला, "मुदीर कौन है?" मुदीर म्हणजे मॅनेजर.

"मैं," पेंडसेकाका म्हणाले.

"मैं," सुभेदारकाका म्हणाले.

ड्रायव्हर गोंधळला. पेंडसेकाकांनी पुढे होऊन त्याला समजावलं, की भेटवस्तू स्वीकारणं हे संपूर्णपणे सिव्हिल काम आहे, यात सिक्युरिटीचा काहीही संबंध येत नाही, तसा कुठेही नियम नाही. सुभेदारकाका लाल झाले, पण मुद्दा बिनतोड होता. पेंडसेकाकांनी पातेलं दोन्ही हातांनी घेतलं, विजयाने झाकण उघडलं. आत गव्हाचा आणि मटणाचा वाफाळणारा हरीस होता!

पेंडसेकाका तर कांदासुद्धा चातुर्मासात सोडणारे. त्यांनी झाकण हळूच परत ठेवलं, पातेलं सुभेदारकाकांच्या हातात दिलं आणि म्हणाले, "हा विभाग तुमचा."

*

आमच्या हिस्टरीच्या टीचरनी टेस्टमध्ये प्रश्न घातला होता. एखाद्या राज्याने नवा प्रदेश जिंकल्यावर तिथे सत्ता कुणाची चाले, मुलकी अधिकाऱ्यांची की लष्करी? पुस्तकातला पॅरेग्राफ मला येत होता. पण लिहिताना हात आपोआपच वेगळीकडे गेला. मी लिहिलं, "सुरुवातीला दोघांची. दोघेही एकाच दारातून एकाच वेळी आत येत. नियम दुप्पट होत, प्रजा मात्र तेवढीच राही. प्रजा दोघांसाठी चहा करी आणि आपलं काम चालू ठेवी."

टीचरनी ते वर्गात मोठ्याने वाचलं. मला जमिनीत शिरावंसं वाटलं. मग त्यांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "विच बुक इज धिस फ्रॉम?"

मी इतक्या हळू उत्तर दिलं की त्यांना ते दोनदा विचारावं लागलं.

"नेक्स्ट डोअर, मॅम."

*

आता शेडच्या कुलपांबद्दल. हे नीट सांगायला हवं.

शेडमध्ये मशिनं होती, म्हणून पेंडसेकाकांनी ट्रेझरीची पद्धत लावली. डबल लॉक! ट्रेझरीत तिजोरीला दोन कुलपं असतात, दोन अधिकाऱ्यांकडे एकेक किल्ली. दोघे हजर असल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. शिवाय एकजण कुलूप उघडत असताना दुसऱ्याने त्याच्याकडे पाठ करायची, हा पेंडसेकाकांचा स्वतःचा नियम. "विश्वास आहेच हो," ते म्हणाले, "पण पद्धत ती पद्धत."

शेडच्या दोन कड्यांतून जाड साखळी जायची. साखळी ओवून कुलपं अडकवण्याचं काम सुभेदारकाकांचं, कारण गाठी-साखळ्या हा लष्करी विषय. सकाळचा कार्यक्रम असा असे. पेंडसेकाका पाठ करून उभे राहत. सुभेदारकाका आपलं कुलूप उघडत आणि साखळी एका हाताने घट्ट धरून ठेवत. मग "उघडा, साहेब" म्हणून, साखळी न सोडताच, स्वतः पाठ करत. पेंडसेकाका आपलं कुलूप उघडत. सुभेदारकाका साखळी सोडत, ती खळ्ळकन खाली पडे आणि पेंडसेकाका समाधानाने मान हलवत. वरून, गॅलरीतून, मला दोघांच्याही पाठी दिसत. आणि मधली साखळी.

एकदा मात्र गंमत झाली. दोघांचं आदल्या दिवशी कशावरून तरी वाजलं होतं, त्यामुळे सकाळी कुणी कुणाशी बोलत नव्हतं. दोघेही शेडपाशी आले आणि दोघांनीही एकदमच पाठ केली. पेंडसेकाकांना वाटलं सुभेदार उघडताहेत. सुभेदारकाकांना वाटलं आज साहेब आधी उघडताहेत. पाच मिनिटं झाली, दहा मिनिटं झाली. उन्हात दोन माणसं एकमेकांकडे पाठ करून, अगदी गंभीर चेहऱ्याने उभी!

भिकूमामा रंधा घेऊन बाजूला ताटकळत होते. शेवटी त्यांनी नम्रपणे विचारलं, "मगे मी उघडू काय?"

*

आणि आता तो शुक्रवार.

अरबाबने काही आठवड्यांपूर्वी एक मोडकी लाकडी खिडकी पाठवली होती. त्याच्या वडिलांच्या जुन्या घरातली, जाळीदार, वाळवीने खाल्लेली. अशीच दुसरी कुणी करू शकेल का, असं त्याने विचारलं होतं. त्याच सुमाराला टायरचा एक व्यापारी शेड गोडाऊनसाठी मागत होता. भिकूमामांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण त्यांना सगळं कळत होतं. खिडकी आवडली तर सुतारकाम चालू राहील आणि त्यांचा व्हिसा होईल. नाहीतर शेडमध्ये टायर येतील आणि ते विमानात बसतील. तीन आठवडे ते जेवायलासुद्धा खोलीत जात नव्हते.

अरबाब शनिवारी येणार होता. म्हणून सुभेदारकाका शुक्रवारी सकाळीच पुतण्याला भेटायला अबुधाबीला गेले, किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून. आणि जुम्म्याच्या नमाजानंतर अरबाबची गाडी दारात! बेत बदलला होता. त्याच संध्याकाळी तो दोन महिन्यांसाठी परदेशी चालला होता. टायरवाल्याचा कागद गाडीत समोरच ठेवलेला होता, फक्त सही बाकी.

"शेड खोलो," तो म्हणाला.

पेंडसेकाकांचा चेहरा पडला. "सर, डबल लॉक. दुसरा चावी अबुधाबी में है."

बाबा म्हणाले, "साखळी कापू या."

"कटर वर्कशॉपमध्ये आहे," पेंडसेकाका म्हणाले, "आणि शुक्रवारी वर्कशॉपची किल्लीही सुभेदारांकडेच असते." मोबाईल लावून पाहिला, तो बंद. अरबाबने घड्याळ पाहिलं, आकाशाकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "कोई बात नहीं. दो महिने बाद देखेगा, इन्शाल्ला." त्याने गाडीतला कागद उचलला आणि खिशातलं पेन काढलं.

भिकूमामांनी कानाची पेन्सिल काढून खिशात ठेवली, एवढंच. मी वरून ते पाहिलं आणि मला कळायच्या आत मी जिना उतरत होते.

इतक्या माणसांसमोर मी कधी तोंड उघडलेलं नाही. तरी मी पेंडसेकाकांच्या बाहीला हात लावला. "काका, तुमचं एकट्याचं उघडा."

"अगं अनू, दोन्ही लागतात."

"नाही लागत, काका."

"ट्रेझरीची पद्धत आहे ती, बाळ!"

"पद्धत आहे, पण साखळीची दोन टोकं दोन कुलपांत आहेत आणि कुलपं एकमेकांत अडकवलेली आहेत. कुठलंही एक उघडलं की साखळी सुटते. मी रोज बघते ना वरून."

सगळे माझ्याकडे बघत होते. पेंडसेकाकांनी किल्ली लावली. सवयीने त्यांनी मागे वळून पाहिलं, कुणी पाठ केलीय का. बाबांनी पटकन पाठ केली. मग अरबाबनेही केली! कुलूप उघडलं आणि साखळी खळ्ळकन खाली पडली. सुभेदारकाकांचं कुलूप तिच्या टोकाला बंदच लोंबत होतं.

आत, उजेडाच्या पट्ट्यात, नवी खिडकी उभी होती. अरबाब तिच्यासमोर गेला. जाळीवरून बोट फिरवलं. मग तिला जोडलेल्या बाकावर चक्क बसला आणि बराच वेळ उठलाच नाही. शेवटी भिकूमामांकडे बोट दाखवून त्याने विचारलं, "ये आदमी किस का है? ॲडमिन का, सिक्युरिटी का?"

पेंडसेकाकांनी दाराशी लोंबणाऱ्या बंद कुलपाकडे पाहिलं. मग म्हणाले, "सर, हमारा है. दोनों का."

"इस का व्हिसा बनाओ. यल्ला, जल्दी!"

टायरवाल्याच्या कागदाच्या मागच्या बाजूवर त्याने सही केली, ती व्हिसासाठी. खिडकी गाडीच्या डिकीत घालून, अर्धी बाहेर तशीच ठेवून तो गेला. भिकूमामा तिच्यामागे दारापर्यंत चालत गेले आणि तिथेच, आपल्या चौकटीला धरून उभे राहिले.

संध्याकाळी पेंडसेकाकांनी मला गॅलरीत गाठलं. आवाज अगदी खाली आणला. "अनू, सुभेदारांना यातलं काही सांगू नकोस हं. कटर मिळाला, साखळी कापली, असं मी सांगेन. आपलं कुलूप इतके महिने बिनकामाचं होतं असं कळलं तर त्यांना फार वाईट वाटेल. मानी माणूस आहे. तू काही बोलत नाहीस, म्हणून सांगतोय."

मी मान हलवली.

शनिवारी सकाळी सुभेदारकाका शाळेच्या बसपाशी आले. आधी इकडेतिकडे पाहिलं. "पोरी," ते म्हणाले, "काल काय झालं ते भिकूनं सांगितलं मला. पेंडसेसाहेबांना बोलू नगंस, मला कळलंय म्हणून. त्यांच्या ट्रेझरीचा मान हाय तो."

मी पुन्हा मान हलवली. ते जायला वळले. माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, पण तुम्हाला माहीत होतं?"

"म्हंजे काय!" सुभेदारकाका म्हणाले. "रोज साखळी कोण बांधतंय?"

रविवारी सकाळी मी गॅलरीत उभी होते. साखळी तीच होती, कुठेही कापलेली नव्हती. दोघांनीही ती पाहिली.

"या, सुभेदार," पेंडसेकाका म्हणाले. "तुमच्याशिवाय हे उघडणार कसं?"

"आन् तुमच्याशिवाय तरी कसं, साहेब?"

आणि पेंडसेकाकांनी शिस्तीत पाठ केली.